गडी, टप्पा आणि भोपळा : क्रिकेटची भाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी

३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाने दिलेले ३३९ धावांचे लक्ष्य ४८.३ षटकांत, पाच गडी राखून पार केले आणि जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली. ज्याने आजवर क्रिकेट पाहिलेले नाही त्याला या एका वाक्यात किमान चार ठिकाणी अडखळायला होते. गडी म्हणजे कोण, ते राखायचे म्हणजे काय, ४८.३ हा अपूर्णांक कुठून आला आणि नाबाद राहण्यात विशेष ते काय, असे प्रश्न घरातल्या जाणकाराला विचारावेत, तर सामना रंगात आलेला असतो आणि उत्तर तुटकच मिळते. अशा वाचकासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

शब्दांची यादी पाठ करण्याच्या वाटेला जाऊ नये, असा माझा पहिला सल्ला आहे. क्रिकेटचे मराठी शब्द फोडून पाहण्यासारखे आहेत. बहुतेक शब्दांच्या पोटात खेळाचा नियमच दडलेला आहे, त्यामुळे शब्द उकलला की नियम वेगळा शिकावा लागत नाही. काही मोजक्या ठिकाणी मात्र मराठी शब्दच दिशाभूल करतो, आणि ती ठिकाणे मी जागोजागी सांगणार आहे.

वरचे वाक्य आधी सोडवू

गडी हा शब्द आट्यापाट्या आणि कबड्डी या आपल्या मैदानी खेळांत खेळाडूसाठी पूर्वीपासून आहे. क्रिकेटच्या संघात अकरा खेळाडू असतात आणि फलंदाजी नेहमी जोडीने करावी लागते. म्हणून दहा गडी बाद झाले की अकराव्याला जोडीदार उरत नाही आणि डाव संपतो. भारताचे पाच गडी बाद झाले होते, पाच शिल्लक होते, म्हणून विजय ‘पाच गडी राखून’. याच मैदानावर २ नोव्हेंबर रोजी झालेल्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. दोन निकालांच्या भाषेतला हा फरक नीट लक्षात घ्यावा. नंतर फलंदाजी करून लक्ष्य गाठणारा संघ गडी राखून जिंकतो आणि आधी फलंदाजी करून प्रतिस्पर्ध्याला लक्ष्याच्या अलीकडे रोखणारा संघ धावांनी जिंकतो. म्हणजे केवळ निकालाची ओळ वाचून आधी फलंदाजी कोणी केली हे तुम्हाला बहुतेक वेळा सांगता येईल. पाच दिवसांच्या कसोटीत ‘एक डाव आणि अमुक धावांनी विजय’ असेही वाचायला मिळते. तिथे जिंकणाऱ्या संघाने एकाच डावात इतक्या धावा केलेल्या असतात की प्रतिस्पर्ध्याच्या दोन डावांची बेरीजही त्यांच्या मागे राहते.

षटक म्हणजे सहांचा समूह. एक गोलंदाज एका टोकाकडून लागोपाठ सहा वैध चेंडू टाकतो, तेवढ्याला षटक म्हणतात आणि पुढचे षटक दुसरा गोलंदाज दुसऱ्या टोकाकडून टाकतो. ४८.३ याचा अर्थ ४८ षटके पूर्ण आणि एकोणपन्नासाव्या षटकातले तीन चेंडू. हा दशांश नाही, त्यामुळे ४८.५ नंतर ४८.६ लिहिले जात नाही, थेट ४९ येते. जुनी धावपत्रके वाचणाऱ्यांसाठी इथे एक सूचना आहे. ऑस्ट्रेलियात १९७८-७९च्या हंगामापर्यंत एका ‘ओव्हर’मध्ये आठ चेंडू टाकले जात असत आणि त्या आठ चेंडूंना ‘षटक’ हा शब्द लागू पडत नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली सुरू झालेल्या ‘द हंड्रेड’ स्पर्धेत तर चेंडू पाच-पाचच्या गटांत मोजतात.

राहिला नाबाद. हिशेबात आपण एखादी रक्कम बाद करतो, यादीतून नाव बाद करतो, तोच हा बाद. नाबाद राहण्याचे महत्त्व सरासरी काढताना कळते, कारण फलंदाजाची सरासरी काढताना धावांना डावांच्या संख्येने भागत नाहीत, तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांनी कसोटीत ८० डावांत ६,९९६ धावा केल्या आणि त्यांपैकी १० डावांत ते नाबाद राहिले. म्हणून ६,९९६ला ७०ने भागावे लागते आणि ९९.९४ ही प्रसिद्ध सरासरी येते. १९४८ साली लंडनमधल्या ओव्हलच्या मैदानावर शेवटच्या डावात त्यांना अवघ्या चार धावा मिळाल्या असत्या, तरी ती शंभर झाली असती. इंग्लंडचे गोलंदाज एरिक हॉलीज यांच्या दुसऱ्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला आणि त्यांना भोपळाही फोडता आला नाही.

शून्याला इंग्रजीत बदकाच्या अंड्यावरून ‘डक’ म्हणतात, मराठीत भोपळा. दोन्हीकडे कल्पना गोल आकाराचीच आहे. पहिली धाव काढली की भोपळा फुटला किंवा खाते उघडले. पहिल्याच चेंडूवर बाद होणाऱ्याला मात्र आपल्याकडेही ‘गोल्डन डक’वर गेला असेच म्हणतात.

तोफखाना आणि तालीम

गोलंदाज हा शब्द क्रिकेटच्या कितीतरी आधीपासून मराठीत आहे. तोफेचे गोळे डागणारा तो गोलंदाज. यातला ‘अंदाज’ फारसीतला आहे, त्याचा अर्थ फेकणारा, टाकणारा, आणि तीर सोडणाऱ्या तिरंदाजातही तोच येतो. या धर्तीवर बॅट म्हणजे फळी धरणाऱ्याला फलंदाज असे नाव मिळाले. व्याकरणाच्या काटेकोर नजरेने पाहिले, तर फळी फेकणारा असा काहीतरी अर्थ निघेल. पण शब्द कानाला इतका नेटका बसला की ती अडचण कोणाला जाणवली नाही. आकाशवाणीवरून मराठीत धावते वर्णन करणाऱ्या बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आणि वृत्तपत्रांच्या क्रीडापानांनी हे शब्द घराघरांत पोहोचवले. ज्या घरांत सामन्याचे एकही दृश्य दिसत नव्हते, त्या घरांत शब्दांनीच मैदान उभे करायचे होते. म्हणून ही परिभाषा इतकी चित्रदर्शी झाली, असे मला वाटते.

फलंदाज हा शब्द स्त्री आणि पुरुष दोघांनाही सारखाच लागू पडतो. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने आपल्या नियमावलीत ‘बॅट्समन’ऐवजी ‘बॅटर’ हा शब्द सप्टेंबर २०२१ मध्ये आणला. मराठीला तो बदल करावाच लागला नाही, कारण सांगलीत वाढलेली स्मृती मानधना पहिल्या दिवसापासून फलंदाजच होती.

आता बाद होण्याचे प्रकार. यांतल्या बहुतेक शब्दांच्या शेवटी ‘चीत’ आहे, आणि तो तालमीतून आला आहे. पैलवानाची पाठ मातीला लागली की तो चीत. क्रिकेटमध्ये चीत करणारे कारण आधी येते.

चेंडू थेट किंवा बॅटला, अंगाला लागून यष्ट्यांवर आदळला आणि वरची बेल, म्हणजे यष्ट्यांवर आडवी ठेवलेली लहान लाकडी कांडी, पडली की फलंदाज त्रिफळाचीत. यष्टी म्हणजे काठी. तीन यष्ट्यांचा हा त्रिफळा जमिनीपासून ७१.१ सेंटिमीटर उंच आणि २२.८६ सेंटिमीटर रुंद असतो. घरात हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे त्रिफळा चूर्ण असणाऱ्यांना तीनचा आकडा विसरण्याचे कारण नाही. विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक, म्हणजे लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी, चेतन शर्मा याने १९८७ साली नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध घेतली, आणि ते तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत होते.

धावचीत आणि यष्टिचीत यांत नव्या प्रेक्षकाचा नेहमी गोंधळ होतो, कारण दोन्हीकडे फलंदाज यष्ट्यांपुढे आखलेल्या आपल्या रेषेबाहेर असतो आणि दोन्हीकडे यष्ट्या उडवल्या जातात. धाव घेताना फलंदाज रेषेत पोहोचण्यापूर्वी कोणीही क्षेत्ररक्षकाने यष्ट्या उडवल्या, तर तो धावचीत. धाव घेण्याचा विचारही नसताना चेंडू खेळायला फलंदाज पुढे सरसावला, चेंडू हुकला आणि मागे उभ्या यष्टिरक्षकाने चपळाईने यष्ट्या उडवल्या, तर तो यष्टिचीत. यष्टिचीतचा बळी गोलंदाजाच्या खात्यात जमा होतो, धावचीतचा होत नाही.

झेलबादला स्पष्टीकरणाची गरज नाही. स्वतःच्याच बॅटने किंवा अंगाने यष्ट्या पाडणारा स्वयंचीत होतो. वेळेत मैदानावर येऊन खेळायला तयार न होणारा ‘टाइम्ड आउट’ ठरतो, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असे पहिल्यांदा घडले ते ६ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिल्लीत, श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजच्या बाबतीत. त्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला होता आणि विश्वचषकातली दोन मिनिटांची मुदत टळून गेली होती.

‘मंकडिंग’ हा शब्द तुमच्या कानावर येईल. तो तुम्ही शिकावा, पण वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोलंदाजाच्या टोकाचा फलंदाज चेंडू टाकला जाण्यापूर्वीच रेषा सोडून पुढे निघाला, तर गोलंदाज त्याला धावचीत करू शकतो. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत भारताच्या विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउन यांना असे बाद केले. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात मंकड यांनी ब्राउन यांना याबद्दल बजावलेही होते, आणि खुद्द ब्रॅडमन यांना त्यात काही गैर वाटले नाही. तरीही एका थोर अष्टपैलू खेळाडूचे आडनाव अखिलाडूपणाशी कायमचे जोडले गेले. ऑक्टोबर २०२२ पासून नियमावलीत हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमातून काढून धावचीतच्या कलमात ठेवला आहे. तेव्हा धावचीत म्हणावे.

पायचीत : जिथे शब्द अपुरा पडतो

बहुतेक नवे प्रेक्षक इथे येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पायचीत या नियमाचा गाभा साधा आहे. चेंडू यष्ट्यांवर जाणार होता आणि फलंदाजाने तो बॅटऐवजी अंगाने अडवला, म्हणून तो बाद. परंतु शब्दात पाय असला तरी नियमात पायाची सक्ती नाही. १९९९ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅडलेडला ग्लेन मॅकग्राचा चेंडू उसळेल म्हणून सचिन तेंडुलकर खाली वाकला, चेंडू अपेक्षेइतका उसळलाच नाही, तो त्याच्या खांद्यावर आदळला आणि पंचांनी त्याला पायचीत दिले. त्यावर वाद खूप झाला. पण वाद चेंडू यष्ट्यांवर गेला असता की वरून, याबद्दल होऊ शकतो, खांद्याला लागल्याने पायचीत कसा, असा आक्षेप नियमात टिकत नाही.

पडद्यावर निर्णय पाहताना पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत. पहिला प्रश्न, चेंडूचा टप्पा कुठे पडला? तो लेग यष्टीच्या, म्हणजे फलंदाजाच्या पाठीकडच्या यष्टीच्या, बाहेर पडला असेल, तर पुढे काहीही झाले तरी फलंदाज पायचीत होत नाही, आणि तिथेच विषय संपतो. दुसरा, चेंडू आधी बॅटला लागला का? लागला असेल तर पायचीत नाही. तिसरा, अंगाला लागला तेव्हा तो दोन्ही टोकांच्या यष्ट्यांच्या सरळ पट्ट्यात होता का? ऑफ यष्टीच्या, म्हणजे छातीकडच्या यष्टीच्या, बाहेर लागला असेल, तर फलंदाज बचावतो, मात्र त्याने चेंडू खेळण्याचा खरा प्रयत्न केलेला असला पाहिजे. बॅट उचलून नुसता पाय पुढे करणाऱ्याला ही सवलत नाही. चौथा आणि शेवटचा, चेंडू पुढे यष्ट्यांवर आदळला असता का?

या चौथ्या प्रश्नाशी ‘अंपायर्स कॉल’ जोडलेला आहे. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्ट्यांना लागेल असे तंत्रज्ञान दाखवत असेल, तर मैदानावरच्या पंचांनी आधी दिलेला निर्णय कायम राहतो. म्हणून अगदी सारखे चित्र दिसूनही एक फलंदाज बाद आणि दुसरा नाबाद असे घडू शकते. हे अनेकांना अन्यायाचे वाटते. यंत्राचाही अंदाजच असतो आणि अंदाजाच्या काठावर माणसाच्या निर्णयाला मान द्यावा, ही त्यामागची भूमिका मला पटते. आणखी एक बारकावा असा, की क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने दाद मागितल्याशिवाय पंच कोणालाही बाद देऊ शकत नाहीत. खेळाडू घसा ताणून ‘हाऊज दॅट’ ओरडतात, ती नुसती आरडाओरड नसते, नियमाने आवश्यक असलेले अपील असते.

मैदानाचा नकाशा

क्षेत्ररक्षणाच्या जागांना मराठी नावे रुळली नाहीत. डीप बॅकवर्ड स्क्वेअर लेग अशी लांबलचक इंग्रजी नावेच आपण घेतो आणि ती ऐकून नवा माणूस धास्तावतो. प्रत्यक्षात ही नावे पोस्टाच्या पत्त्यासारखी आहेत, तुकडे केले की जागा सापडते.

सर्वांत आधी ऑफ आणि लेग या दोन बाजू ओळखाव्यात. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज आडवा उभा राहतो. त्याची छाती ज्या बाजूला ती ऑफ आणि पाठ ज्या बाजूला ती लेग, जिला ऑनही म्हणतात. दूरचित्रवाणीवर गोलंदाजाच्या पाठीमागून दृश्य दिसते, तेव्हा उजव्या फलंदाजाची ऑफ बाजू पडद्यावर तुमच्या डावीकडे येते. डावखुरा फलंदाज आला की सगळे उलटते, आणि म्हणूनच डाव्या-उजव्या जोडीने एकेरी धाव काढली की सगळे क्षेत्ररक्षक जागा बदलताना दिसतात.

यानंतर दिशा. ऑफ बाजूला यष्टिरक्षकाच्या शेजारून सुरुवात केली, तर स्लिप, गली, फलंदाजाच्या काटकोनात पॉइंट, त्यापुढे कव्हर आणि गोलंदाजाजवळ मिड ऑफ. गोलंदाजाच्या दुसऱ्या बाजूला मिड ऑन, मग मिड विकेट, काटकोनात स्क्वेअर लेग आणि मागच्या कोपऱ्यात फाइन लेग. इथे गोल पूर्ण होतो. आता अंतर सांगणारी विशेषणे लावावीत. ‘डीप’ किंवा ‘लाँग’ म्हणजे सीमारेषेजवळ, ‘शॉर्ट’ म्हणजे फलंदाजाजवळ, आणि ‘सिली’ म्हणजे धोका वाटावा इतके जवळ. ‘फॉरवर्ड’ म्हणजे फलंदाजाच्या रेषेच्या पुढे, ‘बॅकवर्ड’ म्हणजे मागे. आता डीप बॅकवर्ड स्क्वेअर लेग पुन्हा वाचावे : लेग बाजू, जवळपास काटकोन, त्यातही जरा मागे, सीमारेषेवर. पत्ता पूर्ण झाला.

फॉरवर्ड शॉर्ट लेग ही जागा मुंबईकर एकनाथ सोलकर यांच्याशिवाय सांगता येत नाही. फलंदाजापासून दोन-चार पावलांवर, हेल्मेटविना, वाकून उभे राहणाऱ्या सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याचा हा मुलगा त्या जागेवर इतका निर्धास्त असे, की भारताच्या फिरकी गोलंदाजांच्या यशात त्याचा वाटा वेगळा काढताच येत नाही.

दिशा, टप्पा आणि फिरकी

गोलंदाजीबद्दल बोलताना मराठी समालोचक ‘दिशा आणि टप्पा’ ही जोडी पुन्हा पुन्हा उच्चारतात. बॅटच्या टोकाशी, पायापाशी पडणारा चेंडू यॉर्कर, टप्पाच न पडता येणारा फुलटॉस, आणि गोलंदाजाकडे जास्त अलीकडे आपटलेला आखूड टप्प्याचा, जो जोरात टाकला की उसळता चेंडू किंवा बाउन्सर होतो. या सर्वांच्या मधला, पुढे जावे की मागे राहावे असा संभ्रम पाडणारा टप्पा तो ‘गुड लेंग्थ’. तो मीटरमध्ये सांगता येत नाही, कारण खेळपट्टी आणि गोलंदाजाचा वेग बदलला की तो सरकतो.

हवेत वळणाऱ्या चेंडूला स्विंग आणि टप्पा पडल्यावर बोटांच्या किंवा मनगटाच्या करामतीने वळणाऱ्याला फिरकी म्हणतात. खेळाडू चेंडूची एकच बाजू पँटला घासत राहतात ते स्विंगसाठी. नवा चेंडू साधारणपणे खडबडीत बाजूकडे वळतो, तर बराच जुना झालेला चेंडू वेगाने टाकल्यास चकचकीत बाजूकडे वळू शकतो, आणि या उलट्या वळणाला रिव्हर्स स्विंग म्हणतात. पाकिस्तानच्या सरफराज नवाज, इम्रान खान, वसिम अक्रम आणि वकार युनूस यांनी त्याला शस्त्राचे रूप दिले आणि श्रीरामपूरच्या झहीर खानने ते भारतासाठी वापरले.

फिरकीत आधी दोनच गोष्टी ओळखायला शिकावे. उजव्या फलंदाजाला बाहेरून आत येतो तो ऑफ स्पिन आणि आतून बाहेर जातो तो लेग स्पिन. बाकी सगळी नावे फसवणुकीची आहेत. हाताची हालचाल लेग स्पिनची दाखवून आत वळणारा चेंडू गुगली. तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इंग्लंडच्या बर्नार्ड बोसांके यांनी रूढ केला, आणि आपल्या सुभाष गुप्ते यांच्या भात्यात तर दोन वेगवेगळ्या गुगली होत्या. उलट ऑफ स्पिनची हालचाल दाखवून बाहेर जाणारा ‘दूसरा’. पाकिस्तानचा यष्टिरक्षक मोईन खान यष्ट्यांमागून सकलेन मुश्ताकला ‘दूसरा’ टाकायला सांगत असे, आणि त्या उर्दू हाकेचेच नाव झाले.

गोलंदाजाची कामगिरी चार आकड्यांत लिहितात : षटके, निर्धाव षटके, दिलेल्या धावा, बळी. ज्या षटकात गोलंदाजाच्या नावावर एकही धाव लागत नाही ते निर्धाव. हे आकडे वाचण्याचा सराव करायला नाशिकला जन्मलेल्या बापू नाडकर्णी यांच्याइतके चांगले उदाहरण नाही. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडच्या पहिल्या डावात त्यांचे आकडे होते ३२-२७-५-०. म्हणजे ३२ षटकांपैकी २७ निर्धाव, केवळ पाच धावा आणि एकही बळी नाही. त्यांत लागोपाठ २१ षटके निर्धाव होती. बळी शून्य असतानाही एखादी गोलंदाजी साठ वर्षे स्मरणात राहू शकते, हे फक्त शेवटचा आकडा पाहणाऱ्याला कधीच कळणार नाही.

क्रीडापानावरची मराठी

नियमांच्या पलीकडे काही वाक्प्रचार आहेत, ते बातमी वाचताना लागतात. बाद झालेला फलंदाज तंबूत परततो, मग तो तंबू काँक्रीटचा का असेना. क्षेत्ररक्षकाने झेल सोडला की फलंदाजाला जीवदान मिळते. चेंडू जवळच ढकलून, क्षेत्ररक्षक गाफील असताना पळून काढलेली ती चोरटी धाव. अकराच्या क्रमातले शेवटचे तीन-चार फलंदाज म्हणजे शेपूट, आणि त्यांनी अनपेक्षित धावा केल्या की शेपूट वळवळले. ज्या खेळपट्टीवर गोलंदाजाला काहीच मदत मिळत नाही ती पाटा. वरवंट्याखालचा गुळगुळीत पाटा डोळ्यांसमोर आणला की आणखी समजावून सांगावे लागत नाही. समोर साथीदार टपाटप बाद होत असताना एकजण उभा राहिला, की त्याने एकाकी खिंड लढवली असे लिहितात. यात पावनखिंडीची आठवण आहे, म्हणून हा वाक्प्रचार किरकोळ खेळीसाठी वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

मैदानावरची बोली आणखी निराळी आहे. कातडी चेंडूला मुंबई-पुण्याची मुले सीझन बॉल म्हणतात आणि त्याने खेळणे म्हणजे ‘सीझन खेळणे’. टेनिस बॉल त्याहून वेगळा. गल्लीत ‘वन टप्पा आऊट’ चालतो, म्हणजे एक टप्पा पडलेला चेंडू झेलला तरी फलंदाज बाद. हा नियम कोणत्याही नियमावलीत नाही, पण जागा अरुंद आणि खेळायला थांबलेली मुले पुष्कळ, या अडचणीवरचा तो उत्तम तोडगा आहे.

‘खडूस’ हा शब्द मात्र जपून समजून घ्यावा. एरवी आपण हेकट, कोरड्या माणसाला खडूस म्हणतो. मुंबईच्या क्रिकेटमध्ये ती शाबासकी आहे. खडूस फलंदाज आपला बळी फेकत नाही, शतक झाल्यावरही पुन्हा शून्यापासून खेळतो आणि सामना हातून निसटला असे सगळ्यांना वाटत असतानाही गोलंदाजाला काही देत नाही. ही वृत्ती घडण्यात कांगा लीगचा हात मोठा आहे. १९४८ पासूनची ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात भरते. ओल्या खेळपट्टीवर एक चेंडू थांबून येतो, दुसरा अंगावर उसळतो, आणि तिथे टिकायला शिकलेला फलंदाज कोरड्या खेळपट्टीवर सहजासहजी हार मानत नाही. २०२३-२४ च्या हंगामापर्यंत मुंबईने रणजी करंडक ४२ वेळा जिंकला आहे.

सराव कसा करावा

पहिल्या सामन्यात सगळे समजून घेण्याचा अट्टहास करू नये. एका षटकात फक्त टप्पा पाहावा, पुढच्या षटकात फक्त क्षेत्ररक्षकांच्या जागा ओळखाव्यात आणि मग समालोचक काय म्हणतो त्याच्याशी आपले उत्तर ताडून घ्यावे. मराठी समालोचन उपलब्ध असेल, तर तेच लावावे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातले धावपत्रक सावकाश वाचावे. त्यात झेलासाठी ‘झे.’ आणि गोलंदाजासाठी ‘गो.’ ही संक्षिप्त रूपे असतात.

सुरुवातीला ही एक जुनी नोंद घ्यावी. ऑगस्ट १९७१, ओव्हलची कसोटी, इंग्लंडचा दुसरा डाव : ‘नॉट झे. सोलकर गो. वेंकटराघवन १’. इंग्लंडचा यष्टिरक्षक अ‍ॅलन नॉट एका धावेवर वेंकटराघवन यांच्या फिरकीवर झेलबाद झाला आणि झेल घेणारे सोलकर लेग बाजूला, फलंदाजाच्या अगदी जवळून, बॅटखाली झेपावले होते. तो डाव १०१ धावांत संपला, भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेतले, आणि अजित वाडेकर यांच्या भारतीय संघाने तो सामना चार गडी राखून जिंकला. आधी फलंदाजी कोणी केली होती, हे आता तुम्हीच सांगावे.